पांढरं दार

टूनगॅबीत पंधरा वर्षं वापरलेली माझी निळी गाडी ज्या मुलीला दिली, तिला ती फोडायला हवी होती. मैदानात जुन्या गाड्या एकमेकींवर आदळायच्या आणि जी शेवटपर्यंत चालू राहील ती जिंकली, असा तो खेळ. शनिवारी आर्वोला, म्हणजे दुपारी, तिने बघायला बोलावलं. जायलाच नको होतं, तरी गेलो.

शेजारी साठीची एक बाई बसली होती. मांडीवरच्या थर्मासचं झाकण ती सारखं उघडत होती आणि परत लावत होती. लोक प्रत्येक धडकेला ओरडत होते. ही फक्त निळ्या गाडीकडे बघत होती.

"ड्रायव्हरचं दार पांढरं रंगवतात, त्यावर धडकायचं नसतं," ती आपणहून म्हणाली. "आणि गाडी बंद पडली की खिडकीतून हात बाहेर काढायचा. म्हणजे आतला माणूस ठीक आहे."

तेवढ्यात चिखलात घसरलेली एक गाडी थेट निळ्या गाडीच्या पांढऱ्या दारावर आदळली. लाल झेंडा वर गेला, सगळी इंजिनं थांबली. हात बाहेर आला नाही.

"ती माझी गाडी होती," काहीतरी बोलायचं म्हणून मी बोललो.

"आत माझी मुलगी आहे."

आवाज चढला नव्हता. झाकण मात्र अर्ध्यावर थांबलं होतं.

बऱ्याच वेळाने खिडकीतून एक हात बाहेर आला.

बाईने चहा ओतून पहिला कप मला दिला. चेपलेल्या दाराकडे बघत म्हणाली, "दार चांगलं होतं तुझ्या गाडीचं."

करकरतं म्हणून पंधरा वर्षं मी त्याच दाराला शिव्या घातल्या होत्या.