नॉर्मल
आज शेजारून ओव्याच्या धुरीचा वास आला आणि माझं बाळंतपण आठवलं. दिवसभर कळा सोसल्यावर बाळाचे ठोके मंदावले, म्हणून डॉक्टरांनी घाईने सिझर केलं होतं. शांती नगरातल्या घरी आले, तर शेजारीण बाळाकडे बघायच्या आधी विचारतेय, “नॉर्मल हुआ ना?” सासूबाई ओशाळून म्हणाल्या, “नहीं, सिझर. इसको कळा सहन नहीं हुआ.” टाके धरून मी पलंगावरूनच ओरडले, “सगळ्या कळा सोसल्यात, आई. वर पोटही कापून घेतलंय.” धुरीने मुलगी शिंकली. आता तीच शेजारीण आजी झालीय. मघाशी बाळ बघायला गेले आणि वाकडी होऊन बसलेल्या तिच्या सुनेला विचारलं, “बहुत दुखता है क्या?” सून तोंड उघडणार, तेवढ्यात सासूच म्हणाली, “दुखेगा किसलिए? नॉर्मल हुआ है.”