पंपघरातली एकच बादली

मिठाच्या पाण्याच्या स्विमिंग पूलमध्ये क्लोरीन नसतं, असं तुम्हालाही वाटतं का? वाटत असेल तर पुढचं नीट वाचा. याच समजुतीपायी लातूरजवळ एक माणूस मेला आणि त्याच्या मरणाच्या कागदावरची पहिली खोटी ओळ माझ्या सहीने पुढे गेली. मी निवृत्त झालो, पण ती सही मला सोडत नाही.

तेव्हा मी शहराबाहेरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. भर दुपारी खबर आली की एका डाळमिल मालकाच्या बंगल्यात कामगार मरून पडला आहे. पूलशेजारी सहा पायऱ्या खाली पंपघर होतं, तिथे तो सापडला. मी बंदोबस्तावर असल्याने हवालदाराला पाठवलं. तो पोचेपर्यंत प्रेत बाहेर आणलेलं आणि पंपघर धुतलेलं होतं. बंगल्याच्या व्यवस्थापकाने सांगितलं की माणूस पिऊन आला होता, पायऱ्यांवरून घसरला. हवालदाराने पंचनाम्यात ‘मद्यप्राशनाचा संशय’ असं लिहिलं. मी परतल्यावर सही केली आणि अकस्मात मृत्यूची नोंद झाली. गरीब माणूस मेला की ‘दारू’ हा शब्द आमच्या पेनातून आपोआप उतरतो. ही सवय नाही, हा गुन्हा आहे.

तिसऱ्या दिवशी त्याची बायको ठाण्यात आली. खुर्ची दिली तरी बसली नाही.

‘साहेब, त्यायनं जन्मात कधी दारूला हात लावला न्हाई. लेकीला शाळेत पोरी चिडवून राहिल्या, तुझा बाप पिऊन मेला म्हणून. दारूचा न्हाई, त्यायच्या सदऱ्याला पावडरचा वास होता.’

कसली पावडर, असं विचारल्यावर तिने सांगितलं. नवरा आधी गावात पाणी सोडायचा आणि टाकीत ब्लीचिंग पावडर टाकायचा. पावडरची बादली वेगळी असायची. तिच्यात दुसरं काही घातलेलं त्याला खपत नसे. पावडर कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा आणि वरचं पाणी टाकीत ओतायचं, ही त्याची रीत.

मुद्देमालातला सदरा काढला. निळ्या सदऱ्याच्या छातीवर पांढरे डाग पडले होते. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, डोक्याला मार नाही, पोटात दारूचा वास नाही, फुप्फुसं मात्र पाण्याने भरलेली आणि श्वासनलिका आतून भाजलेली. मी गाडी काढायला सांगितली.

व्यवस्थापकाने न मागताच रजिस्टर पुढे केलं. क्लोरीनच्या रकान्यात रोज ‘२’, एकाच पेनाने, एकाच हाताने. मी पाणी तपासायची पेटी मागितली. तिचं सील जसंच्या तसं होतं.

‘वा, बाटली न उघडता पाणी तपासता? ही विद्या आम्हालाही शिकवा की.’

त्याला ठाण्यात आणून बसवलं. माझा अनुभव असा, की खोटं बोलणाऱ्यावर ओरडलं तर त्याला विचार करायला वेळ मिळतो. पाण्याचा ग्लास पुढे ठेवून गप्प बसलं की तो स्वतःच बोलू लागतो. हाही बोलला. मालक म्हणायचे, मिठाचा पूल आहे, औषध कशाला? खरं तर अशा पूलला जोडलेल्या यंत्राचं कामच विजेने मिठातून क्लोरीन तयार करणं. आमच्याकडचं बोअरचं पाणी जड, त्यामुळे यंत्राच्या पट्ट्यांवर पांढरा थर चढला आणि क्लोरीन बनणं थांबलं. तपासत कोणीच नव्हतं. पाणी हिरवं झालं तेव्हा सगळे जागे झाले, कारण त्याच संध्याकाळी मालकाच्या मुलीचा साखरपुडा होता. कामगाराला पट्ट्या धुवायला ॲसिड दिलं आणि पाण्यात टाकायला पावडरची गोणी दिली.

‘दोन्ही एकत्र आलं की विषारी वायू होतो, हे ठाऊक होतं?’

‘गोणीवर लिहिलेलं हाय, साहेब. इंग्रजीत.’

‘त्याला सांगितलं?’

त्याने पाण्याचा ग्लास बाजूला सारला. मग म्हणाला, ‘त्यानं दुसरी बादली मागितली होती. मी म्हणलं, हीच विसळून घे, उदगीरहून पाहुणे निघालेत.’

ॲसिडच्या बादलीत पावडर पडली. वायू हवेपेक्षा जड, तो खालीच साचला. पाहुण्यांना वास नको म्हणून दार वरून लोटून घेतलेलं होतं.

व्यवस्थापक आणि मालक दोघांवर निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा दाखल केला. मालक शेवटपर्यंत एकच सांगत राहिले, यंत्र परदेशी आहे, चूक माणसाचीच असणार. व्हिसेराच्या अहवालात दारू निघाली नाही. त्या बाईने मला एवढंच विचारलं, ‘ते दारूचं खोडलं का?’ पोलिसांचा कागद खोडता येत नाही. मी पुरवणी अहवाल जोडला, त्यात माझी चूक लिहिली आणि तो तिला वाचून दाखवला. तिने त्याची नक्कल मागितली. लेकीच्या दप्तरात ठेवते म्हणाली.

मेलेल्या माणसाला जबाब देता येत नाही. म्हणून जिवंत माणूस त्याच्याविषयी जे सांगतो, ते सर्वांत आधी तपासायचं, हे मी उशिरा शिकलो.

ज्यांच्या घरी असा पूल आहे त्यांना हात जोडून सांगतो. तपासणीची पेटी आजच फोडा. क्लोरीन पेटीतल्या मापावर एक ते तीनच्या मध्ये आहे का, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. पट्ट्यांवर थर दिसला तर जाणकाराला बोलवा. ॲसिड आणि पावडर एका खोलीत ठेवू नका. आणि ते पंपघर एकदा स्वतः उतरून बघा, आत वारा येतो का, दार आतून उघडतं का. तुम्हाला तिथे उभं राहवत नसेल, तर दुसऱ्या कुणालाही खाली पाठवू नका.