आप्पांचा बाऊल

आमच्या घरात मिक्सर लागला की शेजारच्या काकू भिंतीपलीकडून विचारतात, "चटणी का आप्पांचं?" आप्पांचं म्हणजे स्मूदी बाऊल. जिंतूरच्या आमच्या गल्लीत हा शब्द मी आणला. हौस म्हणून आणला असं कुणाला वाटत असेल तर त्यानं माझ्या ओट्यापाशी येऊन चार दिवस उभं राहावं.

आप्पा म्हणजे माझे सासरे. मोंढ्यात त्यांचं भुसाराचं दुकान होतं आणि आवाज असा की दुकानातून हाक मारली तर रस्त्यावरचा हमाल दचकायचा. त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली आणि गिळणं बिघडलं. परभणीच्या डॉक्टरांनी बजावलं, पातळ काही द्यायचं नाही, ते श्वासात जाईल. कडक द्यायचं नाही, ते अडकेल. चमचा उलटा धरला तरी खाली पडणार नाही असं घट्ट आणि मऊ द्यायचं, अगदी पाणीसुद्धा घट्ट करून पाजायचं. डॉक्टरला सांगायला काय जातंय! मी खिमट केलं, ते थुंकून टाकलं. रव्याची खीर घट्ट केली, तीही थुंकली. माणूस वाळत चालला.

वाचा गेली म्हणाले खरं, पण सगळी गेली नव्हती. एक शब्द उरला होता. दवाखान्यात तिसऱ्या का चौथ्या दिवशी मी चमच्यानं ओठ ओले करत होते, आणि आप्पांनी डोळे उघडून माझ्याकडं बघितलं नि स्वच्छ म्हणाले, "आळणी."

मला हसूच फुटलं. माझ्या मालकांनी, आप्पांच्या लेकानं, माझ्याकडं असं बघितलं की गिळतात का काय. पण हसू नको तर काय करू? मी बोरीहून ह्या घरात आले, पहिल्या दिवशी वरण-भात केला, आप्पांनी एक घास घेतला आणि ताट सरकवून हाच शब्द म्हणाले. सासूबाई तेव्हा होत्या, त्यांनी चाखून बघितलं, मीठ बरोबर होतं. तरी त्या गप्प बसल्या. त्यानंतर रोज तेच. पाहुणे असोत, व्यापारी असोत, माझा भाऊ भाऊबीजेला आलेला असो, पहिला घास आणि "आळणी". वरून कधीमधी, "बोरीत मीठ मिळत न्हाई का गं?" सगळे हसायचे. माझा भाऊ पण हसला होता बिचारा, काय करणार, बहिणीचं सासर. मी मोरीत जाऊन तोंड धुऊन यायची.

डॉक्टर म्हणाले, मेंदूला मार बसला की सगळे शब्द जातात, पण लय सवयीचा एखादा कधीकधी शिल्लक राहतो. रोज सकाळी विभूती लावून, इष्टलिंग हातात घेऊन जप करणारा माणूस. तो एवढा जप गेला सगळा, आणि आळणी तेवढं राहिलं. आता तहान लागली तरी आळणी, लघवीला लागली तरी आळणी, डास चावला तरी आळणी. पाहुणे यायचे, "काय आप्पा, तब्येत कशी हाय?" विचारायचे. आप्पा म्हणायचे, "आळणी." पाहुणे तोंडाला रुमाल लावून माझ्याकडं बघायचे. मी चहा टाकायला आत जायची.

बाऊलची गोष्ट माझ्या लेकीनं काढली. ती पुण्याला शिकते. व्हिडिओ कॉलवर मी रडत होते की हे काहीच खाईनात, तर ती म्हणाली, "मम्मी, स्मूदी बाऊल करून बघ ना. मस्त घट्ट होतं." मग तिनं दाखवलं आणि मी केलं. केळी चांगली पिकलेली घ्यायची, सालीवर काळे ठिपके आलेली. चकत्या करून डब्यात सुट्या मांडायच्या नि फ्रीजरमध्ये ठेवायच्या. ढीग करून ठेवल्या तर दगड होतो, मग मिक्सरचं पातं नुसतं ओरडतं. चिकू बी काढून, पपई बारीक करून, आणि कपड्यात टांगून पाणी काढलेलं दही. दूध घालायचं नाही, दुधानं सगळं सैल होतं. मिक्सर एकदम सोडायचा नाही. थोडा फिरवला की बंद, झाकण काढून चमच्यानं खाली ढकलायचं, परत थोडा. हात गारठतात. शेवटी चमचा उलटा करून बघायचा.

मालक आले नि वाडग्यात डोकावून म्हणाले, "हे तर शिकरण हाय. शिकरणाला एवढं इंग्लिश कशाला?"

मी म्हणाले, "शिकरण चमच्यातून गळतं. गळालं की तुमचे आप्पा परभणीला. नेताव का?"

फोटोत दिसतात तसले बदामाचे काप, बिया, ते वरून पेरायचं असतं म्हणे. आप्पांना त्यातला एक दाणा पुरला असता ठसका लागायला. आमचा बाऊल बोडकाच. पण त्यांनी खाल्ला! थुंकले नाहीत. थोडं थोडं गिळलं, वाडगं रिकामं झालं, आणि मला म्हणाले, "आळणी."

आता मला काय पाहिजे होतं ते उघड सांगते, लाजायचं काय त्यात. मला त्या तोंडून एकदा बरं ऐकायचं होतं. बोलायचा व्यायाम शिकवायला एक पोरगी यायची, ती म्हणाली होती, एखादा दुसरा शब्द परत येऊ शकतो, रोज घोकून घ्या, जेवतानाच घ्या. मी शब्द निवडला, गोड. सोपा आहे, बाऊलला शोभतो, आणि मला पाहिजे होता. रोज सकाळी त्यांच्यासमोर स्टूल टाकून बसायची. चमचा भरायची, त्यांना दाखवायची, "म्हणा आप्पा, गो-ड." ते तोंडाकडं बघायचे. "गो-ड." ओठ हलायचे, गळ्यात खरखर व्हायची, आता येतो, आता येतो असं वाटायचं, माझा जीव नुसता वरखाली. आणि मग, "आळणी." उन्हाळा गेला, पावसाळा गेला, पपई महागली नि स्वस्त झाली. मालक म्हणाले, "कशाला मागं लागलीस? येडी झालीस का?" झालेच होते. बाकी कुणी मला चांगलं म्हटलं असतं तरी ते मला नको होतं. मला ह्याच माणसाकडून पाहिजे होतं.

दिवाळी झाल्यावर अक्का आल्या. अक्का म्हणजे माझी नणंद, आप्पांची एकुलती एक लेक, लातूरला दिलेली. लकवा मारल्यापासून दोनदा आलेल्या, दोन्ही वेळा बापाच्या गळ्यात पडून रडल्या नि संध्याकाळच्या गाडीनं गेल्या. ह्या वेळी राहायला आल्या. सकाळी पदर खोचून स्वयंपाकघरात आल्या नि म्हणाल्या, "वैनी, तुमी बाजूला व्हा. तुमी तर रोजच करतावं. आज माज्या आप्पांना मी करून घालते."

मी म्हणाले, "अक्का, दुधाला हात लावू नका तेवढं."

"मला काय कळत न्हाई का? मोबाईलवर बघितलंय मी सगळं," असं म्हणाल्या. मग मी कशाला उभी राहते? गेले गच्चीवर कपडे वाळत घालायला. मिक्सरचा आवाज वरपर्यंत येत होता, एकदम सोडलेला.

खाली आले तर पुढच्या खोलीत थाट मांडलेला. काचेचं वाडगं, वर डाळिंबाचे दाणे गोल गोल मांडलेले, आणि मालकांच्या हातात मोबाईल, शूटिंग चालू. शूटिंग झालं की दाणे काढून टाकले, एवढी अक्कल होती. अक्कांनी चमचा भरला. "आप्पा, आ करा. तुमच्या लेकीनं केलंय."

आप्पांनी घास घेतला. घेतला नि थांबले. तोंड हलेना. डोळे मोठे झाले, पाण्यानं भरले, गालावरून पाणी खाली आलं. मग त्यांनी गिळलं. अक्कांनी दुसरा चमचा दिला, तोही गिळला. तिसऱ्याला डावा हात उचलून लेकीच्या तोंडावरून फिरवला. गळ्यात ती माझ्या ओळखीची खरखर झाली आणि आप्पा म्हणाले, "गो… ड."

घरात काय कल्ला झाला! अक्का रडायला लागल्या, मालक रडायला लागले, हातातला मोबाईल हलायला लागला. शेजारच्या काकू धावत आल्या. मालक त्यांना सांगायला लागले, "बघा, लेकीच्या हातची चव. आप्पांना वरवरचं बोलणं आयुष्यात जमलं न्हाई. आवडलं तरच आवडलं म्हणणार."

मी दारात उभी. ज्या शब्दासाठी मी उन्हाळा-पावसाळा स्टुलावर काढला तो शब्द आला, आणि असा आला. माझं तोंड कुणाला दिसू नये म्हणून आत गेले. ओट्यावर मिक्सरचं भांडं तसंच बरबटलेलं पडलं होतं. मी रागानं बोट फिरवलं नि चाटलं.

खारट. नुसतं खारट नाही, जीभ आकसून गेली.

माझ्या ओट्यावर हाताशी जी मोठी बरणी असते ती मिठाची. बाकी घरांत तिथं साखर असते. माझ्या घरात मीठ असतं, कारण इतकी वर्षं आप्पांचं ताट सरकलं की मला पळत येऊन मीठच न्यावं लागायचं. अक्कांनी गोडाला कमी पडेल म्हणून त्या बरणीतून चमचे भरून घातले होते.

मी बाहेर पळाले. "अक्का, थांबा! देऊ नका! मीठ पडलंय त्यात!"

अक्कांनी माझ्याकडं बघितलं. "वैनी, एक दिवस मला गोड म्हणले तर तुमाला एवढं लागलं?"

मी वाडग्यातला चमचा मालकांच्या हातात दिला. त्यांनी चाखला नि थुंकायला मोरीकडं धावले. काकूंनी बोट लावलं. त्यांचं तोंड वाकडं झालं. मला वाटलं, आता अक्का ओशाळतील. थोडं बरंही वाटलं मला, खोटं कशाला बोलू.

पण अक्कांनी बापाचे पाय धरले नि हंबरडा फोडला. "माज्यासाठी खाल्लं ओ! माजं मन राखायला खाल्लं माज्या बापानं!" मालक परत रडायला लागले. काकूंनी डोळ्याला पदर लावला. "लय माया हो," म्हणाल्या.

डॉक्टरला फोन केला, बीपी बघितलं, काही झालं नाही. ती गोष्ट मात्र लातूरपर्यंत गेली. आता कुठंही चार माणसं जमली की अक्का मला पुढं करतात, "वैनीनंच पहिलं चाखलं होतं, वैनी सांगतील." मी सांगते. बाया डोळे पुसतात.

आप्पा अजून आहेत. सकाळचा बाऊल मीच करते, मीच भरवते, आणि शब्द तोच ऐकते. आता घोकून घ्यायचं सोडलंय. पूर्वी ताट सरकलं की मी मनाला समजवायची, ह्या माणसाला दुसऱ्याचं मन कळतच नाही, जन्मालाच तसा आला, दगडाशी काय भांडायचं. एवढ्यावर मी सगळा संसार काढला. त्या सकाळी त्यांनी खारट घास गिळून गोड म्हटलं, तेव्हा मला कळलं की त्यांना मन कळतं. राखताही येतं. माझं राखावं असं त्यांना एकदाही वाटलं नाही.