चिंचेच्या पाण्यातला रेडिएटर

आमच्या आबांना मोटारीचं वेड नव्हतं. वेड असतं तर परवडलं असतं, ते उतरतं तरी. त्यांना होती जिद्द, आणि तिला औषध नाही.

माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं, लग्न करमाळ्याला झालं. आम्ही सगळे सोलापूरहून मालट्रकमधून गेलो होतो, नवरीसकट. उतरताना व्याह्यांपैकी कुणीतरी म्हणालं, "नवरी बी पोत्यासंगंच आणली की काय?" मस्करीच होती. सगळे हसले, आबाही हसले. पण आबा एका डॉक्टरांच्या गाडीवर ड्रायव्हर होते. दुसऱ्यांच्या बायकापोरांना गादीवर बसवून हिंडवण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि स्वतःची पोरगी ट्रकमधून उतरली. ते त्यांच्या मनातून कधी गेलं नाही. पुढे डॉक्टरांनी नवी गाडी घेतली आणि जुनी आबांना देऊन टाकली. ती दारात उभी राहिली त्या दिवशीच आबांनी सांगून टाकलं, "अक्का पयल्या बाळंतपणाला हिच्यातनंच येणार."

तेव्हा मोठा दुष्काळ सरून एखाददोन वर्षं झाली असतील. अक्काला दिवस गेल्याचं कळलं आणि आई दिवस मोजायला लागली. अक्काला सासू नव्हती, घरात सगळे पुरुष. त्यामुळे तिला वेळेत माहेरी आणणं भाग होतं. आमच्याकडे रीत अशी, की पहिलटकरणीला सातव्यात आणायची. ते राहिलंच तर नववा लागल्यावर. आठव्यात तिला वेस ओलांडू द्यायची नाही, म्हणजे नाही.

सातवा लागला. आबांनी गाडी एकदा तपासून बघावी म्हणून मोहोळच्या वाटेवर नेली. मोहोळ यायच्या आतच इंजिन तापलं आणि वाफेनं समोरचं दिसेना. आबा परतले ते एका ट्रकला गाडी बांधून. रेडिएटर कुजला होता. मग त्यांनी भंगारातून दुसरा जुना रेडिएटर शोधून आणला आणि अंगणात दोन विटांवर ठेवला. बाळाला पाळणा आणावा तसं कौतुक चाललं होतं त्याचं.

आत पाणी ओतलं तर खालच्या तोंडातून पिवळा चिखल पडायला लागला. रेडिएटर गळायला लागला की ड्रायव्हर लोक त्यात हळद टाकतात, ती भोकात जाऊन बसते आणि गळती तात्पुरती थांबते. कुणीतरी त्यात वर्षानुवर्षं हळद कोंबली होती. आई म्हणाली, "अगं बया, हे कुणाचं लगीन लागलं हितं?" त्या दिवशी आम्ही पोट धरून हसलो. आईचं हे बोलणं अक्काला सांगायचं, असंही ठरलं.

चिखल गेला तरी आत क्षार होताच, बंबात बसतो तसला पांढरा. आईनं बोटानं खरवडून बघितलं. "हे तर तांबं-पितळच हाय की. तांब्याला जे लागतंय तेच ह्याला." तिनं चिंच आणि मीठ घालून मोठं पातेलंभर पाणी उकळलं. आबांनी खालचं तोंड चिंध्यांच्या बोळ्यानं बंद केलं, आम्ही वरून पाणी भरलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी काळंनिळं पाणी निघालं. परत भरलं. मी केसातल्या आकड्यानं पुढच्या जाळीची वाकलेली पातळ पानं एकेक सरळ करत बसले. तिघांनी मिळून एवढं मन लावून दुसरं काही केल्याचं मला आठवत नाही. रेडिएटर असा झळकला की देवघरात ठेवावा.

आणि मग तो गळायला लागला. क्षारानं जी भोकं बुजली होती, ती आमच्या चिंचेनं उघडी केली. आबांनी कल्हईवाल्या चाचांना बोलावलं. त्यांनी भाता लावून भोकं झाळली. एक बुजवलं की शेजारी दुसरं पाझरे. चाचा शेवटी म्हणाले, "भाई, अब इसकू छोड देव. एक बंद करे तो दुसरा निकलता." आबा म्हणाले, "अजून दोन दिवस बघू."

असे दोन दोन दिवस करत महिना सरत आला. आई आधी गोडीत म्हणाली, मग रडून म्हणाली, "अवो, यष्टीनं आणू या तिला. मी जाते की." आबा ताटावरून उठले. "परत पोत्यासंगं आणू म्हन्तीस?" एसटीत पोती नसतात, माणसं असतात, हे त्यांना सांगायची कुणाची छाती नव्हती. मला आजही आबांचा राग येतो, आणि राग आला की लगेच त्यांची कीवही येते.

अखेर रेडिएटर गळायचा थांबला. आबांनी गाडी मोहोळच्या पुढपर्यंत नेऊन आणली, पाणी थेंबभरही कमी झालं नाही. आनंदानं ते घरात आले, "उद्या पहाटे निघू." आई चुलीपुढे बसून होती. ती वळलीसुद्धा नाही. "आटवा लागला काल," ती म्हणाली. "आता न्हाय आणायची."

आबांनी खूप समजावलं. जिद्द आता आईकडे आली होती. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय अशी गत. वाटेत काही झालं तर कोण जबाबदार, या एका प्रश्नावर आबांनी गाडीची किल्ली खुंटीला अडकवली. नववा लागायची वाट बघत गाडी दारात उभी राहिली. आबा रोज तिच्यात पाणी बघायचे.

आठव्यातच अक्काचं पोट दुखायला लागलं. घरातल्या पुरुषांना वाटलं, बाहेरचं काही खाल्लं असेल. त्यांनी ओवा दिला. शेजारची बाई आली तोवर फार उशीर झाला होता. मुलगा होता. रडलाच नाही तो.

निरोप घेऊन तिचा दीर आला आणि आम्ही गाडीनंच गेलो. एवढ्या लांबच्या वाटेत गाडी एकदाही तापली नाही. आई अक्काजवळ राहिली, मीही राहिले. अक्काला पान्हा फुटला होता. आई तिची छाती फडक्यानं घट्ट बांधायची, आणि फडकं पुन्हा ओलं व्हायचं. ती बसण्यासारखी झाली तेव्हा आबा न्यायला आले. मागच्या सीटवर त्यांनी घरातली गादी घातली होती, दोन उशाही ठेवल्या होत्या. अक्का त्यावर बसली. सोबत आई, पुढे मी.

आबा इतक्या हळू चालवत होते की बैलगाड्या आम्हाला मागे टाकत होत्या. प्रत्येक खड्ड्यापाशी ते गाडी थांबवल्यासारखी करायचे आणि चाक अलगद उतरवायचे. आरशातून मागे बघायचे.  मग मागून अक्काचा आवाज आला, अगदी साधा, राग नसलेला.

"आबा, चालवा की जोरात. आता कशाला जपताय?"