सुधाचं कोरं द्रावण

भुताखेतांचं सोडाच, माझा राशिभविष्यावरही विश्वास नाही. तुमचे इथले अनुभव मी जेवताना करमणूक म्हणून वाचते. त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटतेय... पण सांगतेच.

मी साताऱ्याची. दोन वर्षांपूर्वी चेन्नईत, अण्णा नगरच्या एका छोट्या कंपनीच्या लॅबमध्ये होते. दुसरा मजला, खिडकी नाही, एसी कायम चोवीसवर. लाळेतलं कॉर्टिसॉल – ताण आला की वाढणारं हॉर्मोन – मोजणारी चिप आम्ही बनवायचो. इलेक्ट्रोडवर सोन्याचे नॅनोकण बसवायचे, वर लाळेचा थेंब टाकायचा. हॉर्मोन असेल तर स्क्रीनवरच्या रेषेला टोक येतं. लाळ न घालता नुसतं कोरं द्रावण टाकलं तर रेषा सपाट यायला हवी.

माझ्या दहातल्या चार चिपा चालायच्या. सुधाच्या दहाच्या दहा! सुधा तंजावर मराठी, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तमिळनाडूत राहिलेल्या मराठी घरातली; माझ्यापेक्षा लहान, मला अक्का म्हणायची. लॅबचे सर पैसे गुंतवायला येणाऱ्या पाहुण्यांना तिच्याच चिपा दाखवायचे. मी जळायचे. सरळ सांगते, जळून खाक व्हायचे.

मग तिचं कोरं द्रावण बिघडलं. लाळेचा अंश नाही, तरी टोक. नवी बाटली, नवी चिप, नवे ग्लोव्ह्ज... तरी टोक. मला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. शुक्रवारी पाहुणे येणार होते आणि तिची चिप नापास झाली की प्रोजेक्ट माझ्याकडे येणार होता.

बुधवारी दुपारी सहज म्हणून ते टोक मी जुन्या नोंदींशी ताडून पाहिलं. सरावासाठी आम्ही सगळ्यांनी आपापली लाळ तपासली होती. सात नंबरच्या नमुन्यावर ते तंतोतंत बसलं. सात नंबर माझा होता.

मी पाणी प्यायला बाहेर गेले. परतले तर सुधा म्हणाली, "आत्ता सपाट आलं, अक्का!" मी शेजारी बसले. पुढच्याच थेंबाला टोक. असं तीनदा झालं.

शुक्रवारी पोटदुखीचं निमित्त करून मी खाली चहाच्या दुकानात बसले. खरं सांगू? वर जाऊन तिच्याजवळ उभं राहावं असं सारखं वाटत होतं. दोनदा जिन्यापर्यंत गेलेही... आणि परत फिरले. तासाभराने तिचा फोन आला, "सगळं सपाट, अक्का!"

प्रोजेक्ट तिला मिळाला. महिन्याभराने मी राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी तिची वही हाती आली. बिघडलेल्या प्रत्येक थेंबापुढे तापमान, आर्द्रता आणि शेवटच्या रकान्यात दोनच शब्द – 'अक्का जवळ'. पहिली नोंद मला कळण्याच्या तीन आठवडे आधीची होती.

"तुला ठाऊक होतं?" मी तिला विचारलं. "मग मला बाहेर का नाही पाठवलंस?"

तिने वही मिटली. "जवळ बसूं नका म्हणून तुम्हांस कसं सांगूं, अक्का? इथे मराठी बोलायला मज दुसरं कोण आहे?"

द्रावणात मी कशी उतरले, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. सुधाच्या त्या प्रश्नाचंही नाही.