रजिस्टरमध्ये मी ‘ठीक’ लिहिलेलं

डॉक्टर सबनीस यांनी कापसाचा बोळा माझ्या डाव्या पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामधल्या जागेवर फिरवला. विचारलं, "इथे काही कळतंय?"

मी म्हटलं, "नाही."

मग त्यांनी अंगठा धरून हळूच खाली वाकवला. नडगीच्या बाजूने अशी कळ आली की मी ट्रॉलीची कड घट्ट धरली. त्या माझ्या नवऱ्याकडे, विलासकडे वळल्या. "याला कम्पार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. ऑपरेशन आत्ताच करावं लागेल. अजून थांबलो तर पाय राहील की नाही, मी सांगू शकत नाही."

दुपारचे सव्वाचार वाजलेले. विलासने फॉर्मवर सही केली. मी वर छताकडे बघत होते. घाबरायला हवं होतं, पण तसं काही वाटत नव्हतं. घरी फ्रीजमध्ये भिजवलेले वाल आहेत, ते खराब होतील, एवढंच डोक्यात आलेलं.

हा आजार काय असतो ते मला नंतर समजलं. पायाचे स्नायू पातळ पण चिवट पिशव्यांमध्ये असतात. मार लागला की आत सूज येते, पण ती पिशवी ताणली जात नाही. आतला दाब वाढत जातो, रक्त पोचेनासं होतं, नसा आणि स्नायू मरायला लागतात. उपाय एकच, फॅशिओटॉमी. म्हणजे कातडी आणि ती पिशवी लांब चिरून मोकळी करायची आणि जखम काही दिवस उघडीच ठेवायची. हातात वेळ असतो तो काही तासांचा. माझे त्यातले बरेचसे गेलेले.

मी ज्योती गायकवाड. राहायला कल्याण पूर्वेला. मानपाड्याच्या पुढे एमआयडीसीत एका कंपनीत मी अकरा वर्षं स्टोअर सांभाळत होते. नट-बोल्टपासून मोटारींपर्यंत सगळा माल माझ्याकडे. क्रेनने माल उचलताना जे बेल्ट आणि साखळ्या लागतात, त्याही स्टोअरच्याच. त्यांचं एक रजिस्टर असतं. दर महिन्याला प्रत्येक बेल्ट हातात घेऊन बघायचा, शिलाई उसवलीय का, कुठे कापलाय का, किती वजनाचा आहे ते सांगणारा टॅग जागेवर आहे का. मग समोर लिहायचं आणि सही करायची.

सुरुवातीची दोन वर्षं मी खरंच बघायचे. नंतर बिलं वाढली, माणसं कमी झाली. मी टेबलावर बसूनच ओळीने ‘ठीक, ठीक, ठीक’ लिहायला लागले. दहा मिनिटांत महिना संपायचा.

अपघाताच्या दोन आठवडे आधी भोईरदादा एक बेल्ट घेऊन माझ्या खिडकीपाशी आलेले. नारायण भोईर, क्रेनला माल बांधायचं काम करणारे. वय पन्नाशीच्या पुढे, तिथल्याच गावचे, कंपनी आली तेव्हापासून आहेत. त्यांनी बेल्ट खिडकीच्या फळीवर पसरून दाखवला.

"ताई, याची शिलाय बघा. टॅग पन नाय. ह्यो बाद करा."

मी म्हटलं, "दादा, नवीन मागवलेत. मॅनेजरसाहेबांची सही बाकी आहे. तोवर जरा हलक्या मालाला वापरा ना."

ते बेल्ट तिथेच ठेवून कामाला गेले. बेल्ट मी पुन्हा खुंटीला लावला. बाद झालेला बेल्ट तिथल्या तिथे कापून टाकायचा असतो, म्हणजे घाईत कुणी उचलून नेत नाही. हे मला माहीत होतं. ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं, भिंतीवर पोस्टरही होतं.

त्या दिवशी सकाळी साडेदहाला दुरुस्तीहून गिअरबॉक्स परत आलेला. सव्वा टनाचा असेल. भोईरदादा दुसऱ्या शेडमध्ये होते. माल उतरवायची घाई होती, म्हणून सुपरवायझरने दुसऱ्या एकाला स्टोअरमधून बेल्ट आणायला सांगितलं. त्याने खुंटीवरचे दोन काढले. त्यातला एक तोच होता. मी खिडकीत होते. नेताना मी बघितलं. कडेने बेल्ट कापला जाऊ नये म्हणून मध्ये रबराचा तुकडा लावतात, तोही कुणी लावला नाही.

मग मीच बाहेर आले. चलनावर नंबर लिहायचा होता आणि प्लेट गिअरबॉक्सच्या पलीकडच्या बाजूला होती. उचललेल्या मालाजवळ कुणी जाऊ नये म्हणून खाली पिवळी पट्टी आखलेली असते. मी ती ओलांडली आणि नंबर वाचायला खाली वाकले. भोईरदादा तेवढ्यात शेडमधून येत होते. त्यांनी लांबूनच हाक मारली, "ताई, मागं या."

मी उठून वळले, म्हणून डोकं वाचलं. बेल्ट तुटल्याचा आवाज कापड फाटल्यासारखा होता, फार मोठा नव्हता. गिअरबॉक्स कमरेएवढ्या उंचीवरून पडला, कलंडला आणि माझा डावा पाय पॅलेटवर दाबला गेला. बाकीचे नुसते उभे राहिले. भोईरदादांनी धावत जाऊन साखळी आणली, स्वतः बांधली, क्रेन स्वतः चालवली आणि तो उचलला. मला सगळं दिसत होतं. दुखत नव्हतं.

दुखायला लागलं ते जवळच्या नर्सिंग होममध्ये. एक्स-रेमध्ये नडगीचं हाड मोडलेलं दिसलं. प्लास्टरची पट्टी घालून वर घट्ट बँडेज बांधलं. तासाभराने दुखणं इतकं वाढलं की मला ओळीत दोन वाक्यंही बोलता येईनात. तिथले डॉक्टर म्हणाले, "हाड मोडलंय, दुखणारच. इंजेक्शन दिलंय." दुसरं इंजेक्शन दिलं. फरक पडला नाही.

विलास खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक आहे. तो ठाण्याहून पोचला तेव्हा एक वाजून गेलेला. त्याने माझ्या पायाची बोटं बघितली, ती ताणून चकचकीत झालेली. त्याने नुसता हात लावला आणि मी किंचाळले. तो डॉक्टरांना म्हणाला, "इंजेक्शननंतर दुखणं कमी व्हायला पाहिजे ना? हिचं तर वाढतंय."

"थोडं सहन करायला लागतं."

"ती सहन करणारी बाई आहे. म्हणूनच विचारतोय. बँडेज सोडा आणि मला डिस्चार्ज द्या."

बँडेज सोडलं, पण कागद मिळायला वेळ गेला. ॲम्ब्युलन्स टेंभी नाक्याजवळ अडकली, नवरात्राचा मांडव उभारायचं काम चाललेलं. विलास उतरून पुढे गेला आणि बांबूवाल्यांना बाजूला करत चालत राहिला. ठाण्यातल्या मोठ्या हॉस्पिटलात पोचलो आणि डॉक्टर सबनीसांनी तो कापूस फिरवला.

वाचणाऱ्याने एवढं लक्षात ठेवा. प्लास्टर घातल्यावर दुखणं कमी होण्याऐवजी वाढत गेलं, औषधाने आटोक्यात येईना, बोटं हलवली की कळ येते किंवा बोटांत बधिरपणा आला, तर उद्यावर टाकू नका. आपण नाटकं करतोय असं कुणाला वाटलं तरी चालेल.

शुद्धीवर आले तेव्हा पायाच्या दोन्ही बाजूंना लांब जखमा होत्या आणि हाड धरून ठेवायला बाहेरून सळ्यांची चौकट लावलेली. तिसऱ्या दिवशी पुन्हा आत नेलं. मेलेला स्नायू काढला. आठव्या दिवशी मांडीची पातळ साल काढून जखमेवर लावली, त्याला स्किन ग्राफ्ट म्हणतात. ड्रेसिंगला एक सिस्टर यायच्या, त्या आधीच सांगायच्या, "आता दुखेल, मी मोजते." मी त्यांच्याबरोबर आकडे मोजायचे. विलास बाकड्यावर बसून असायचा. मुलगी कॉलेजातून परस्पर यायची, डबा ठेवायची, माझ्या केसांची वेणी घालायची. मी कुणाशीच नीट बोलत नव्हते. रडूही येत नव्हतं. मुलीने एकदा विचारलं, "आई, तू चिडलीयस का?" मी नाही म्हटलं. ते खरंच होतं. चिडण्याएवढंसुद्धा काही उरलेलं नव्हतं.

दहाव्या दिवशी डॉक्टर म्हणाल्या, "पाऊल वर उचला." मी उचललं असं मला वाटलं. पाऊल तसंच लोंबत होतं. "याला फूट ड्रॉप म्हणतात. पाऊल उचलणारी नस आणि स्नायू दाबले गेले. थोडं परत येईल, सगळं नाही. पाय राहिलाय ज्योतीताई, तो आम्हाला राहील असं वाटत नव्हतं."

मी म्हटलं, "बरं."

त्याच दुपारी एचआरचे दळवी आले. शहाळं आणलेलं. बोलणं झाल्यावर त्यांनी टाइप केलेला कागद काढला. त्यात लिहिलेलं की लोड बांधायची जबाबदारी नारायण भोईर यांची होती, ते जागा सोडून गेले, त्यांनी माणसांना लांब ठेवलं नाही, बेल्ट चांगल्या स्थितीत होता आणि तसं रजिस्टरमध्ये आहे.

"तुमचंच रजिस्टर आहे मॅडम. तुमच्या सहीचं. तुम्ही सेफ आहात. नोकरी आहे तशी राहील, मी शब्द देतो. फक्त इथे सही करा."

"भोईरदादा कुठे आहेत?"

"चौकशी होईपर्यंत घरी."

मी म्हटलं, "हात दुखतोय. कागद ठेवून जा."

हात दुखत नव्हता. कागद मी उशीखाली ठेवला आणि दोन दिवस विलासलाही दाखवला नाही. खोटं सांगणार नाही, सही करावी असं मला वाटलेलं. लंगडी बाई, बारावीतली मुलगी, चाळीतलं घर. सही केली की सगळं जागच्या जागी राहत होतं.

दोन दिवसांनी भोईरदादा आले, बायकोला घेऊन. स्टुलावर बसले. पायाकडे बघितलं आणि नजर काढून घेतली.

"मना घरी बसवलाय," ते म्हणाले. "मीच चुकलो बोलतात. बेल्ट चांगला व्हता, असं लिवलंय."

मी उशीखाली हात घातला, कागद तिथेच होता.

"ताई, रजिस्टरात तुमी काय लिवलेलं?"

"ठीक."

"मी दाखवलेला ना तुमाला?"

"दाखवलेला."

 त्यांच्या बायकोने त्यांच्या खांद्याला हात लावला, चला म्हणून. उठताना ते म्हणाले, "पस्तीस वरसां मी माल बांधतोय. एक मानूस नाय जखमी केला." दारातून वळून बघितलं नाही.

संध्याकाळी मी विलासला कागद दिला. सगळं सांगितलं. खुंटीचं, दहा मिनिटांत भरलेल्या रजिस्टरचं. त्याने वाचलं, घडी घातली. थोड्या वेळाने म्हणाला, "मी जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली जात नाही, माहितेय ना. खाली टेकूचा लोखंडी घोडा लावलाय असं कुणी सांगितलं तरी मी वाकून बघतो. पण सांगणारा खोटं सांगत असेल, असं कधी मनात आलं नाही." मग म्हणाला, "तुला काय करायचंय ते कर. नोकरीचं आपण बघू."

कारखाना निरीक्षक जबाब घ्यायला आले तेव्हा मी घरी आलेले. त्यांनी खुर्ची ओढली आणि वही उघडली. मी ओळीने सांगितलं. भोईरांनी बेल्ट आधीच दाखवलेला. मी तो कापला नाही. न बघता ‘ठीक’ लिहिलं. नव्या बेल्टांच्या मागणीवर मॅनेजरची सही दीड महिना झालेली नव्हती, तिची प्रत माझ्या फाइलमध्ये आहे. माल बांधताना भोईर तिथे नव्हते, त्यांना कुणी बोलावलंही नव्हतं. बेल्ट नेताना मी बघितला आणि थांबवलं नाही. पट्टी मीच ओलांडली.

ते लिहायचे थांबले. "यातलं बरंच तुमच्याविरुद्ध जाईल, कळतंय ना?"

"हो."

"कुणी दबाव आणलाय का?"

"नाही. उलट दुसरा कागद तयार होता." मी तो त्यांना दिला. मग जबाबाखाली सही केली. मोकळं वाटेल असं वाटलेलं, तसंही काही वाटलं नाही. ते गेल्यावर मी झोपले.

पुढचं थोडक्यात. मॅनेजर आणि कंपनीवर केस झाली, ती चालू आहे. मला मेमो मिळाला, स्टोअर काढून घेतलं आणि सात महिन्यांनी परत घेतलं ते ऑफिसात, डेटा एन्ट्रीला. भोईरदादांना कामावर घेतलं, मधला पगारही मिळाला. आता वर्षातून एकदा बाहेरचा तज्ज्ञ येऊन प्रत्येक बेल्ट आणि साखळी तपासतो. ते आधीही व्हायला हवं होतं. नव्या स्टोअरकीपरला मी एकदाच सांगितलं की रजिस्टर टेबलावर बसून भरू नको. तो हो म्हणाला. बघतो की नाही, मला माहीत नाही.

मी पायात प्लास्टिकची पट्टी घालते, ती पाऊल वर धरून ठेवते. जिना एकेक पायरी करत चढते. बोटांमधली ती जागा अजून बधिर आहे. फिजिओथेरपिस्टबाईंनी सहा महिने माझं पाऊल हातात धरून रोज तेच सांगितलं, "उचला." त्यांचे, डॉक्टर सबनीसांचे आणि नर्सिंग होममध्ये वाद घालणाऱ्या विलासचे आभार मानायला मला शब्द सापडतात.

भोईरदादांच्या बाबतीत सापडत नाहीत. परत गेल्यावर तीन महिने ते माझ्याशी बोलले नाहीत. समोर आले की बाजू देऊन जायचे. मग एका दुपारी कॅन्टीनमध्ये मी एकटी बसलेले, ते ताट घेऊन आले आणि समोर बसले. मी म्हटलं, "दादा, माझं चुकलं."

त्यांनी भाकरी मोडली.

"ते तर चुकलाच," ते म्हणाले. "माफ-बिफ मी नाय करनार. पन जबाब घेनाऱ्या साहेबासमोर खरं बोललात, म्हनून हितं बसलोय. जेवा."

मी ताटाकडे बघितलं आणि मला रडू आलं, अपघातानंतर पहिल्यांदा. ते जेवत राहिले. माझं रडून होईपर्यंत उठले मात्र नाहीत.