चंद्रभान मेश्रामांचा सतरावा मेनू

“काम तेच राहते गा, पण त्याचं तोंड बदलवलं की माणसाले जगावंसं वाटते,” असं चंद्रभान मेश्राम एकदा मला म्हणाले. तेव्हा ते टेबल ओढत होते.

आमची गोदामांची कचेरी सदर नावाच्या वस्तीत होती. चंद्रभान तिथं चौसष्ट साली टंकलेखक म्हणून लागले. पहिल्याच वर्षी त्यांनी आपलं टेबल खिडकीकडे वळवलं. मग दाराकडे, मग भिंतीकडे, मग साहेबांच्या केबिनकडे. दर वेळी नत्थू शिपाई दुसरं टोक धरायचा. सत्तरपर्यंत चारी दिशा संपल्या. पुढची पंधरा वर्षं त्यांनी त्याच दिशा उलट्या क्रमानं भोगल्या. टाइप मात्र एकच व्हायचं: कुठल्या गोदामात किती पोती.

शहाऐंशी साली कॉम्प्युटर आला. काळा पडदा, हिरवी अक्षरं. सुरू केला की समोर कामांची यादी यायची, तिला मेनू म्हणत. ही यादी आपल्याला हवी तशी बनवता येते, हे प्रशिक्षणात कळलं त्या दिवसापासून चंद्रभाननी टेबलाला हात लावला नाही. नत्थूची कंबर वाचली. आमची डोकी तावडीत सापडली.

एका मेनूला ताऱ्यांची चौकट होती. एक ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचा, दुपारी चार वाजताही. एकाची शिट्टी साहेबांच्या घंटीसारखी होती. नत्थू तीन दिवस उगाच धावला, आणि चौथ्या दिवशी खरी घंटी वाजली तेव्हा उठलाच नाही.

साठ्याच्या नोंदी प्रेमिला गजभिये करायची. दुसरा मेनू आला त्या सकाळी ती म्हणाली,

“भाऊ, काल तीन दाबलं तर साठा निघाला. आज तीनले काय आहे जी?”

“आज नंबरच नाही वं. अक्षरं आहेत.”

“मंग साठ्याचं कोणतं?”

“के.”

“काहून के?”

“कळमना गोदामाचा के.”

“अन् मौद्याचा साठा?”

“तोही के मधीच. आत गेलं की दिसते.”

त्यानंतर प्रेमिलानं विचारणं सोडलं.

एकोणनव्वदच्या जानेवारीत पत्र आलं. मुंबईचे साहेब येणार, मेनू पाहणार, पसंत पडला तर विदर्भातल्या आमच्या सगळ्या गोदामांत तोच बसवणार. चंद्रभानच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. आपण केलेलं काहीतरी आपल्यामागे चालू राहावं, एवढंच त्यांना हवं होतं. तसं ते बोलले नाहीत. नवा शर्ट शिवला आणि सतराव्या मेनूला तीन आठवडे दिले.

साहेब आले, आणि बसायच्या आधीच म्हणाले, “बनवणाऱ्यानं चालवून दाखवू नये. रोज वापरतो त्यानं दाखवावं.”

चंद्रभान खुर्चीवरून उठले. प्रेमिला बसली. तिनं सवयीनं ड्रॉवर उघडला, एक फ्लॉपी काढली आणि घातली. पडद्यावर आठ ओळी उमटल्या. चौकट नाही, शिट्टी नाही. तिनं तीन दाबलं. प्रिंटर करकरला आणि साऱ्या गोदामांचा साठा कागदावर आला.

“हे कोणतं आहे वं?” चंद्रभाननी हळूच विचारलं.

“तुमचंच जी. पहिलंवालं. उतरवून ठेवलं होतं.”

“कधीपासून चालवून राहिली?”

“तुम्ही के आणलं त्या दिवसापासून. सगळेच.”

“अन् बाकीचे मेनू?”

“ते तुम्ही पाहत होते ना जी.”

साहेबांची मान कागदावरच होती. “साधं आहे,” ते म्हणाले. “इतकं साधं कोणाला सुचत नाही. सगळीकडे हेच पाठवा. आणि मेश्राम, यातली एकही ओळ आता हलवायची नाही. तुमच्या नावानिशी आदेश काढतो.”

आम्ही टाळ्या वाजवल्या. चंद्रभान त्या आठ ओळी वाचत राहिले, कुणा परक्याच्या नावचं पत्र चुकून हाती यावं तसे. मग सतराव्या मेनूची फ्लॉपी पाकिटासकट काखेत धरून त्यांनी काचेचं दार ढकललं आणि ते बाहेर गेले.